तेलाची टाकी आणि काळी जमीन

मुंबईहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग शेगाव आणि पारस मागे टाकून अकोल्याच्या वेशीजवळ येतो, तेथे गायगाव नावाचे एक लहानसे स्थानक लागते. वऱ्हाडाबाहेर या गावाचे नाव फारसे कोणाच्या कानी पडलेले नसले, तरी पश्चिम विदर्भाच्या दैनंदिन व्यवहाराची पुष्कळशी भिस्त त्याच्यावर आहे. कारण सरकारी तेलकंपन्यांचे डेपो याच परिसरात असून, रेल्वेच्या वॅगनींतून आलेले पेट्रोल व डिझेल येथील मोठमोठ्या टाक्यांत उतरवले जाते आणि तेथून टँकरांनी गावोगावच्या पंपांवर रवाना होते. शेतातल्या ट्रॅक्टरपासून एस.टी.च्या गाडीपर्यंत या मुलखात जे जे यंत्र फिरते, त्याच्या इंधनाचा माग काढीत गेल्यास तो बहुधा अशाच एखाद्या टाकीपाशी येऊन थांबतो.

डेपोच्या टाक्या मोठ्या असतात म्हणून त्या नजरेत भरतात, एवढेच. पारसच्या औष्णिक विद्युत केंद्रात प्रत्येकी २५० मेगावॉटचे दोन संच आहेत आणि अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथे १३५० मेगावॉट क्षमतेचे केंद्र उभे आहे. ही केंद्रे कोळशावर चालणारी असली, तरी थंड बॉयलर पेटवताना आणि भार कमी असताना ज्योत टिकवताना त्यांनाही तेल लागते, आणि त्यासाठी तेलाचा साठा आवारात ठेवावा लागतो. औद्योगिक वसाहतींतील बॉयलरांचे फर्नेस ऑइल, रुग्णालयांच्या जनरेटरांचे डिझेल, सरकी आणि सोयाबीन यांपासून तेल काढणाऱ्या सॉल्व्हंट प्लँटमधील हेक्झेन, आणि त्याच प्लँटमध्ये तयार होऊन टँकरची वाट पाहणारे खाद्यतेल, या सर्वांच्या टाक्या मोजू लागल्यास वऱ्हाडातील एकही तालुका त्यांच्याविना सापडणार नाही.

या प्रत्येक टाकीतील तेल आणि बाहेरची जमीन यांच्यामध्ये काही मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा असतो. तो पत्रा गंजला, त्याचा सांधा उकलला, व्हॉल्व्ह उघडा राहिला, किंवा भरताना नजर चुकून तेल वरून ओसंडले, तर पुढे काय होणार हे ठरवण्याचे सामर्थ्य ज्या नियमांत आहे, त्यांचा परिचय करून देणे हा या प्रकरणाचा हेतू आहे. हे नियम देशभर सारखे असले, तरी ते पाळावयाचे असतात त्या त्या ठिकाणच्या जमिनीवर, पाण्याजवळ आणि हवेत. म्हणून वऱ्हाडच्या भूमीशी त्यांची सांगड घातल्याखेरीज त्यांचे मर्म उलगडत नाही.

सांडलेले तेल कोठे जाते?

सातपुड्यात उगम पावलेली पूर्णा नदी अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून पश्चिमेकडे वाहत जाऊन चांगदेवपाशी तापीला मिळते. अमरावतीची पेढी, अकोल्याची मोर्णा, काटेपूर्णा, बाळापूरची मन, सातपुड्यातून उतरणाऱ्या शहानूर आणि वाण या साऱ्यांचे पाणी शेवटी तिच्यातच येते. त्यामुळे अकोल्याच्या एखाद्या नाल्यात उतरलेले तेल तेथेच राहील असे मानण्याला काही आधार नाही. पावसाळ्याच्या दिवसांत मोर्णेतून पूर्णेत, पूर्णेतून तापीत आणि संगमाखालीच बांधलेल्या हतनूरच्या जलाशयात जाण्याची वाट त्याला मोकळी असते.

पाण्यावर तेल किती पसरते, याचा हिशेब साधा आहे. एक लिटर तेलाचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाइतका पातळ झाला, तर तो एक हजार चौरस मीटर पृष्ठभाग व्यापतो. एका टँकरमध्ये साधारणतः बारा ते वीस हजार लिटर माल असतो आणि टाकीत त्याच्या शेकडोपट असू शकतो, हे ध्यानात घेतले म्हणजे एका गळतीचा विस्तार केवढा होऊ शकेल याची कल्पना येते. हा थर हवेतील प्राणवायू पाण्यात विरघळू देत नाही, काठावरच्या गाळात मुरतो, आणि त्यातील काही घटक पाण्यात उतरून ते पिण्यास अयोग्य करतात.

वऱ्हाडच्या बाबतीत या हानीला एक विशेष गांभीर्य आहे. पूर्णेच्या दोन्ही काठांवर अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला जो खारपाणपट्टा आहे, तेथील विहिरींचे पाणी खारट असल्यामुळे ते पिण्यालाही चालत नाही आणि ओलितालाही चालत नाही. या पट्ट्यातील गावे दूरच्या धरणांतून नळाने आणलेल्या गोड्या पाण्यावर जगतात. वाण धरणावरील ८४ खेडी पाणीपुरवठा योजना हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. खुद्द अकोला शहर महानच्या काटेपूर्णा धरणावर आणि अमरावती शहर ऊर्ध्व वर्धा धरणावर अवलंबून आहे. जेथे एक विहीर नासली तर शेजारच्या दुसऱ्या विहिरीचा आश्रय घेता येतो, तेथे गळतीचे दुःख काही काळाने ओसरते. जेथे गोड्या पाण्याचे स्रोत बोटांवर मोजण्याइतके आहेत, तेथे त्यांपैकी एक दूषित होणे म्हणजे शेकडो गावांच्या तोंडचे पाणी पळणे होय. म्हणूनच या मुलखात तेल सांडल्यावर ते पुसून काढण्याच्या खटाटोपापेक्षा ते सांडूच न देण्याच्या व्यवस्थेला अधिक मोल आहे.

कायद्याची घडण

या देशात तेलाच्या साठ्यावर नियंत्रण आले ते प्रथम आगीच्या भयाने. रॉकेलचे डबे गावोगावी जाऊ लागल्यावर १८८६ आणि १८९९ साली पेट्रोलियमविषयक कायदे झाले, आणि त्यांच्या जागी १९३४ चा पेट्रोलियम कायदा आला, तो आजही अमलात आहे. त्याखालील नियम १९३७, १९७६ आणि २००२ असे वेळोवेळी नव्याने करण्यात आले. या कायद्याने खनिज तेलांची वर्गवारी त्यांच्या फ्लॅश पॉइंटवरून, म्हणजे ज्या तापमानाला तेलाची वाफ ठिणगी लागताच पेट घेऊ शकते त्यावरून केली आहे. २३ अंश सेल्सिअसच्या खाली फ्लॅश पॉइंट असलेली पेट्रोलसारखी तेले ‘अ’ वर्गात, २३ ते ६५ अंशांमधील डिझेल व रॉकेलसारखी ‘ब’ वर्गात, आणि ६५ ते ९३ अंशांमधील फर्नेस ऑइलसारखी तेले ‘क’ वर्गात मोडतात.

या कायद्याची अंमलबजावणी ज्या खात्याकडे आहे, त्या पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्य दप्तर विदर्भातच, नागपूरच्या सेमिनरी हिल्स भागात आहे. १८९८ साली विस्फोटकांच्या तपासणीसाठी स्थापन झालेल्या खात्यातून ही संघटना वाढली असून, मोठ्या साठ्याचा परवाना, टाकीच्या नकाशाला मंजुरी आणि जागेची तपासणी ही कामे तिच्या अधिकारात येतात. परवान्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांचा ना हरकत दाखला लागतो. त्यामागे जागा, वस्ती, रस्ता आणि नाला यांची पाहणी स्थानिक अधिकाऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी केलेली असावी, ही अपेक्षा आहे. या दाखल्याकडे निव्वळ एक कागद म्हणून पाहिले, तर कायद्याने उभी केलेली पहिली तटबंदीच ढासळते.

आगीचे भय कायद्याला प्रारंभापासून ठाऊक होते. पाणी नासण्याचे भय त्याला पुढे कळले. महाराष्ट्राने १९६९ साली जलप्रदूषण प्रतिबंधाचा स्वतंत्र कायदा केला आणि १९७० साली राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. त्यानंतर १९७४ साली केंद्राचा जलप्रदूषण कायदा आला. त्याच्या २४ व्या कलमाने ओढा किंवा विहीर यांत दूषित द्रव्य जाणूनबुजून सोडण्यास मनाई केली, तर ३१ व्या कलमाने अपघाताने असे द्रव्य पाण्यात गेले किंवा जाण्याचा संभव निर्माण झाला, तर त्याची वर्दी मंडळाला विनाविलंब देण्याचे कर्तव्य जागेच्या प्रमुखावर टाकले. या कलमातील ‘संभव’ ही कल्पना फार मोलाची आहे. तेल नाल्यात पोहोचण्याची वाट न पाहता, ते नाल्याच्या दिशेने निघाले आहे एवढे दिसताच कळवण्याची जबाबदारी तिने निर्माण केली आहे.

डिसेंबर १९८४ मधील भोपाळच्या दुर्घटनेनंतर या सर्व विचाराला निकड आली. १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला, त्याच वर्षी तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाची स्थापना झाली, १९८९ साली घातक रसायनांच्या साठ्याविषयीचे नियम आले, आणि १९९६ च्या नियमांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा आपत्कालीन गट नेमण्याची तरतूद केली. आवाराच्या आतील संकटाची योजना कारखानदाराने करावी आणि आवाराबाहेरील संकटाची योजना शासनाने करावी, ही विभागणी या नियमांत स्पष्ट केलेली आहे.

टाकीभोवतीच्या तटबंदीची रचना

तेलाला अडवणारी पहिली भिंत म्हणजे टाकी स्वतः. ती उभी करताना सांध्यांची तपासणी आणि पाण्याने काठोकाठ भरून घेतलेली हायड्रोटेस्ट, पुढे ठराविक मुदतीने पत्र्याची जाडी मोजणे, तळाचा गंज पाहणे, अर्थिंग तपासणे, हे सारे त्या भिंतीच्या रक्षणासाठी असते. दुसरी व्यवस्था पातळीच्या मोजमापाची. टाकीत माल उतरत असताना डिप टेपने किंवा गेजने पातळी पाहत राहणे, आणि एका मोजयंत्रावर विसंबून न राहता ठराविक उंचीला स्वतंत्रपणे वाजणारी धोक्याची घंटा बसवणे, यामुळे तेल ओसंडणे टळते.

या दोन्ही व्यवस्था फसल्या तर उपयोगी पडावी म्हणून टाकीभोवती जी बांधीव किंवा मातीची भिंत घालतात, तिला तेलधंद्यात ‘डाइक’ असे म्हणतात. शेतातली माती आणि पाणी वाहून जाऊ नये म्हणून वऱ्हाडी शेतकरी जसा धुरा घालतो, तसेच तिचे काम. तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाच्या ११८ क्रमांकाच्या मानकाप्रमाणे, एका डाइकमध्ये अनेक टाक्या असल्या तर त्यांतील सर्वांत मोठ्या टाकीतील संपूर्ण माल तिच्यात मावला पाहिजे, त्याच्या वर २०० मिलिमीटर उंची राखीव राहिली पाहिजे, आणि भिंतीची उंची एक मीटरहून कमी किंवा दोन मीटरहून अधिक असता कामा नये. उंचीची वरची मर्यादा वाचून प्रथम नवल वाटते. परंतु आग लागल्यास आत अडकलेल्या माणसाला चढून बाहेर पडता यावे आणि बाहेरून फोमचा मारा करता यावा, हा तिच्यामागील विचार आहे.

डाइक जशी तेल अडवते तशी ती पावसाचे पाणीही अडवते, म्हणून तिला निचऱ्याचा नळ आणि त्या नळाला भिंतीबाहेर व्हॉल्व्ह ठेवावा लागतो. हा व्हॉल्व्ह एरवी बंद असावा, हा या संपूर्ण शास्त्रातला सर्वांत लहान आणि सर्वांत महत्त्वाचा नियम. पाऊस थांबल्यावर जबाबदार माणसाने डाइकमध्ये साचलेले पाणी पाहावे, त्यावर तेलाचा तवंग किंवा इंद्रधनुषी छटा दिसते का ते निरखावे, पाणी स्वच्छ असेल तरच व्हॉल्व्ह उघडावा, पाणी ओसरेपर्यंत तेथून हलू नये, मग व्हॉल्व्ह बंद करून कुलूप लावावे आणि उघडल्याची व मिटल्याची वेळ नोंदवहीत लिहून खाली सही करावी. तवंग दिसला तर ते पाणी नाल्यात न सोडता तेल आणि पाणी वेगळे करणाऱ्या हौदाकडे वळवावे. या कामाला कोणतेही अवघड यंत्र लागत नाही. लागते ती प्रत्येक पावसानंतर तेच काम त्याच काळजीने करणारी माणसे आणि त्यांच्या नोंदी वाचणारा वरिष्ठ.

तीन दुर्घटनांची शिकवण

वरील प्रत्येक नियमामागे कोठे ना कोठे घडलेली आपत्ती उभी आहे. अमेरिकेच्या पेनसिल्व्हानिया प्रांतात फ्लोरेफ येथे २ जानेवारी १९८८ रोजी अ‍ॅशलँड ऑइल कंपनीची एक प्रचंड टाकी पहिल्यांदाच जवळपास पूर्ण भरली जात असताना उभी फाटली. ही टाकी मूळची दुसऱ्या गावी चाळीस वर्षे वापरलेली. ती सुटी करून येथे पुन्हा जोडण्यात आली होती आणि पूर्ण उंचीपर्यंत पाणी भरून तिची चाचणी घेतली गेली नव्हती. सुमारे दीड कोटी लिटर डिझेल एकदम बाहेर पडले. त्याची लाट भोवतालच्या भिंतीवरून उसळून गेली, पलीकडच्या पावसाच्या गटारात शिरली आणि मोनोंगाहेला नदीत पोहोचली. तेथून ते ओहायो नदीत उतरले आणि नदीकाठच्या तीन राज्यांतील लक्षावधी लोकांच्या पिण्याच्या पाण्यावर संकट ओढवले. एका हायड्रोटेस्टच्या खर्चाची बचत केवढ्या मोलाला पडते, हे या घटनेने दाखवले.

इंग्लंडमधील बन्सफील्डच्या डेपोत ११ डिसेंबर २००५ च्या पहाटे टाकीत पेट्रोल भरले जात असताना पातळी दाखवणारे मोजयंत्र एका आकड्यावर अडकून पडले, आणि त्याला पर्याय म्हणून बसवलेला स्वतंत्र धोक्याचा स्विचही चालला नाही. टाकी ओसंडू लागली, पेट्रोलच्या वाफेचा ढग पसरला आणि प्रचंड स्फोट झाला. सुदैवाने मनुष्यहानी टळली. परंतु डाइकच्या भिंतींचे सांधे आणि नळ आरपार नेलेल्या जागा आगीत तग धरू शकल्या नाहीत, आणि तेल व आग विझवण्याचा फोम जमिनीत झिरपून भूजल दूषित झाले. भिंत उभी असणे आणि भिंत अभेद्य असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, याची जाणीव जगभरच्या तेलउद्योगाला या घटनेने करून दिली.

आपल्या देशातील घटना याहूनही दुःखद आहे. २९ ऑक्टोबर २००९ च्या सायंकाळी जयपूरजवळ सीतापुरा येथील इंडियन ऑइलच्या टर्मिनलमध्ये, पेट्रोल शेजारच्या कंपनीकडे पाठवण्याची तयारी चालली असता, एका व्हॉल्व्हच्या उघड्या तोंडातून ते कारंज्यासारखे बाहेर पडू लागले. वाफेने कामगार बेशुद्ध पडले, गळती बंद करण्यास कोणी जवळ जाऊ शकले नाही, आणि सुमारे सव्वा तासानंतर झालेल्या स्फोटात अकरा जणांचे प्राण गेले. आग पुढे कित्येक दिवस धुमसत राहिली. हिंदुस्थान पेट्रोलियमचे माजी अध्यक्ष एम. बी. लाल यांच्या नेतृत्वाखालील चौकशी समितीने कारणांची जी साखळी मांडली, तिच्यात व्हॉल्व्हच्या सदोष रचनेबरोबरच डाइकच्या निचऱ्याचा व्हॉल्व्ह उघडा राहिल्याचीही नोंद आहे. ज्या भिंतीने पेट्रोल अडवावयाचे, तिच्यातूनच ते पावसाच्या गटाराकडे निघून गेले. दुरून बंद करता येणारे व्हॉल्व्ह, पातळीची स्वतंत्र घंटा आणि कडक देखरेख या सुधारणांना त्यानंतर चालना मिळाली. गायगावसारख्या प्रत्येक डेपोतील माणसाने आपले रोजचे काम या अकरा जणांचे स्मरण ठेवून करावे, इतकी ही शिकवण मोलाची आहे.

काळी जमीन, उन्हाळा आणि पाऊस

नियमांचा मसुदा करणारा देशातील सर्व जागांचा एकत्र विचार करतो. वऱ्हाडच्या जमिनीचा स्वभाव मात्र वेगळा आहे. कपाशीची ही काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला हात हात खोल भेगा पडतात. जी माती पऱ्हाटीला पोसते, तीच पायाखाली आली की बांधकामाला जाचक ठरते. तिच्यावर थेट बसवलेली टाकी एका बाजूने खचू शकते, तळाच्या पत्र्यावर ताण येतो, आणि ज्या नळांचे एक टोक टाकीला व दुसरे जमिनीतल्या आधाराला जखडलेले असते, त्यांचे सांधे उकलतात. काळ्या मातीचीच डाइक घातली तर मे महिन्यात तिच्या अंगावर भेगा पडतात, आणि त्या वेळी तेल सांडले तर भिंत असूनही ते भेगांवाटे आरपार जाते किंवा खोल जमिनीत उतरते, जेथून ते काढणे जवळजवळ अशक्य होते.

यावर उपाय ठाऊक आहेत आणि ते आपल्याच देशात घडलेले आहेत. काळी माती पुरेशा खोलीपर्यंत काढून तिच्या जागी मुरूम दाबून भरणे ही जुनी रीत आहे, आणि मुंबईच्या आय.आय.टी.तील प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर देऊन काळ्या मातीचा फुगवटा आवरण्याची जी पद्धत विकसित केली, ती कालवे आणि पाये यांच्या कामात प्रसिद्ध आहे. टाकीखाली असा भराव, डाइकच्या तळाला आणि अंगाला अभेद्य अस्तर, आणि दर उन्हाळ्याच्या अखेरीस, पाऊस सुरू होण्यापूर्वी, भेगांची व खचण्याची खास तपासणी, एवढे तरी वऱ्हाडात प्रत्येक साठ्याच्या ठिकाणी झालेच पाहिजे.

उन्हाळ्याचा प्रश्न वेगळाच आहे. भारतीय मानकाप्रमाणे डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश असावा लागतो. अकोल्याचा पारा मात्र मे महिन्यात पंचेचाळिशी गाठतो. थंड प्रदेशात जे डिझेल ठिणगीला दाद देत नाही, तेच येथे भर दुपारी वाफ धरून पेट घेण्याच्या अवस्थेत असू शकते. म्हणून सांडलेल्या डिझेलकडे ‘हे काही पेट्रोल नव्हे’ असे म्हणून दुर्लक्ष करण्याची सवय या हवेत घातक आहे. उष्णतेने तेल प्रसरणही पावते. एक लाख लिटर डिझेलचे तापमान वीस अंशांनी वाढले तर त्याचे आकारमान सुमारे सोळाशे ते सतराशे लिटरने वाढते. टाकी काठोकाठ न भरता वर मोकळी जागा सोडण्याचा नियम या हिशेबावर उभा आहे.

आणि शेवटी पाऊस. पन्नास मीटर लांब व चाळीस मीटर रुंद अशा डाइकमध्ये २०० मिलिमीटर पाऊस पडला, तर टाक्यांच्या छतांवरून उतरणारे पाणी धरून सुमारे चार लाख लिटर पाणी साचते, आणि मानकाने राखून ठेवलेली २०० मिलिमीटर उंची तेवढ्यानेच संपते. वऱ्हाडात असा पाऊस दुर्मीळ असला तरी अशक्य नाही. जुलै २०२१ मध्ये एका रात्रीच्या पावसाने मोर्णेला पूर येऊन अकोल्यातील वस्त्या पाण्याखाली गेल्या, ही आठवण ताजी आहे. अशा रात्री निचऱ्याचा व्हॉल्व्ह उघडाच टाकून घरी जाण्याचा मोह होतो. तो आवरला नाही तर डाइक असून नसल्यासारखी होते, आणि पाणी साचू देऊन ते उपसलेच नाही, तरी दुसऱ्या दिवशीच्या गळतीला जागा उरत नाही. मार्ग एकच: पाऊस उघडताच पाहणी, निचरा, कुलूप आणि नोंद.

नियमांच्या कुंपणाबाहेरचे साठे

मोठ्या डेपोंवर परवाना, तपासणी आणि मानके यांचा पहारा असतो. वऱ्हाडची खरी चिंता लहान साठ्यांची आहे. १९३४ च्या कायद्यानुसार ‘ब’ वर्गाचे तेल एकूण २,५०० लिटरपर्यंत, कोणत्याही एका पात्रात १,००० लिटरहून अधिक नसेल तर, परवान्याविना ठेवता येते. ‘क’ वर्गाच्या तेलाला ही सवलत ४५,००० लिटरपर्यंत आहे. आगीच्या दृष्टीने ही मुभा समर्थनीय असेल, परंतु पाण्याच्या दृष्टीने पाहिले तर चाळीस हजार लिटर फर्नेस ऑइल एखाद्या नाल्याचा पुरता नाश करण्यास पुरेसे आहे. खाद्यतेलाच्या टाक्या तर पेट्रोलियम कायद्याच्या कक्षेतच येत नाहीत. एकाच सॉल्व्हंट प्लँटच्या आवारात हेक्झेनच्या टाकीला परवाना, अंतरे आणि तपासण्या लागू असतात, आणि तेथेच कुंपणालगत उभ्या असलेल्या सोयाबीन तेलाच्या टाकीला त्यांपैकी काहीच लागू नसते. खाण्याचे तेल विषारी नाही हे खरे. परंतु पाण्यावर त्याचा थर तसाच पसरतो, कुजताना ते पाण्यातील प्राणवायू तसाच शोषून घेते, आणि मासोळ्या तशाच मरतात. अशा साठ्यांवर लक्ष ठेवण्याचे काम जलप्रदूषण कायद्याखाली मंडळाच्या संमतीपत्राने होऊ शकते, आणि ते त्यानेच झाले पाहिजे.

या बाबतीत अमेरिकेने १९७३ साली केलेल्या तेलगळती प्रतिबंधक नियमाकडे पाहण्यासारखे आहे. १९७४ पासून लागू झालेल्या या नियमाने जमिनीवरील साठा १,३२० गॅलन, म्हणजे सुमारे पाच हजार लिटर, ओलांडताच आणि तेल जलमार्गात जाण्याचा संभव असताच, मालकाला गळती प्रतिबंधाची लेखी योजना करावयास लावली. तेल खनिज असो, वनस्पतीचे असो वा प्राणिज असो, नियम सर्वांना सारखा. योजनेत आवाराचा नकाशा, प्रत्येक टाकी, पाणी कोणत्या दिशेने वाहते, सर्वांत मोठ्या टाकीचा माल आणि वर पाऊस मावेल अशी डाइक, तपासणीची वेळापत्रके आणि नोकरांचे शिक्षण असावे लागते. तिच्यावर नोंदणीकृत अभियंत्याची सही लागते, आणि दर पाच वर्षांनी तिचा फेरविचार करावा लागतो. मात्र दहा हजार गॅलनांपर्यंतच्या लहान मालकांना, त्यांच्याकडे मोठी गळती पूर्वी झालेली नसेल तर, अशी योजना स्वतःच तयार करून प्रमाणित करण्याची सवलत दिलेली आहे. या तरतुदीतील शहाणपण असे की, तिने मालकाला आपल्याच आवाराकडे चौकसपणे पाहण्यास भाग पाडले.

वऱ्हाडातील कारखानदाराला असा कागद तयार करण्यास कोणी मनाई केलेली नाही. जिनिंग असो, दालमिल असो, सॉल्व्हंट प्लँट असो किंवा रुग्णालयाचे जनरेटर असो, मालकाने एका पानावर आपल्या टाक्या कोठे आहेत, त्यांतून तेल सांडल्यास ते कोणत्या उताराने कोणत्या नाल्यात आणि पुढे कोणत्या नदीत जाईल, निचऱ्याच्या व्हॉल्व्हची किल्ली कोणाकडे आहे, गळती दिसताच कोणाला कळवायचे, आणि गोणपाट, भुसा व वाळू कोठे ठेवली आहे, हे लिहून ठेवले, तर अर्धे काम झाले. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अमरावती व अकोला येथील कार्यालयांनी संमतीपत्राच्या अटींत असा कागद मागावा, औद्योगिक वसाहतींच्या संघटनांनी त्याचा नमुना तयार करून वाटावा, आणि जिल्हा आपत्कालीन गटाने दर उन्हाळ्याच्या शेवटी त्याची पडताळणी करावी. यासाठी नवा कायदा लागत नाही, हाती असलेल्या अधिकारांचा मनापासून वापर लागतो.

जानेवारी २०१८ मध्ये अकोल्याच्या हजारो नागरिकांनी मोर्णेच्या पात्रात उतरून तिची सफाई केली, त्या वेळी नदी ही सर्वांची ठेव आहे याची प्रचिती सगळ्यांना आली होती. त्या ठेवीचे रक्षण पात्रात उतरून जितके होते, तितकेच ते नदीपासून दूर, कारखान्याच्या कुंपणाआड, पावसानंतर निचऱ्याचा व्हॉल्व्ह मिटवून नोंदवहीत सही करणाऱ्या माणसाच्या हातून होते. त्या माणसाला पुरेसे शिक्षण, तपासणीला पुरेसा वेळ आणि ‘काम थांबवा’ असे म्हणण्याचा अधिकार देणे ही मालकाची जबाबदारी आहे; आणि ती पार पडते की नाही हे विचारणे हा त्या नदीचे पाणी पिणाऱ्या प्रत्येकाचा हक्क आहे. वऱ्हाडात गोडे पाणी थोडे आहे, आणि जे आहे ते तेलापासून राखण्याचे साधन आपल्या कायद्यांत पूर्वीच ठेवलेले आहे. ते वापरात आणण्याचे काम यापुढे आपले.